"येतो": कोल्हापुरातल्या एका व्हॅम्पायर कॉमिकचा पहिला अंक

पहिल्या ड्राफ्टमधला आमचा व्हॅम्पायर पान ३ वरच मेला. गोष्टीत नाही मेला, वाचणाऱ्यांच्या हसण्यात मेला. मिसळीच्या टेबलावर प्रिंटआऊट ठेवले होते, एका दोस्तानं कट ओरपत ओरपत तीन पानं उलटली आणि म्हणाला, "भावा, ह्यो गडी लसणाला भितोय? मग कोल्हापुरात आलाय कशाला, मरायला?"

खरंच की. ज्या गावात उन्हाळा आला की चटणी कुटायच्या डंकावर रांगा लागतात आणि घरटी वर्षाची कांदा-लसूण चटणी बरणीत भरून ठेवतात तिथं लसणाच्या माळेनं पळणारा राक्षस उतरवायचा म्हणजे त्याला उपाशी मारायचाच बेत. आम्ही तिघंही इथलेच, एक लेखक, एक चित्रकार आणि मी लेटरिंगला, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. माझं काम पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यात अक्षरं बसवायचं, पण कॉमिकमध्ये प्रत्येक शब्द शेवटी लेटरिंगवाल्याच्या हातनं जातो त्यामुळं एडिटिंगपण आपोआप माझ्याच गळ्यात आलं. म्हणून हे प्रकरण मीच लिहितोय, पहिला अंक दोनदा फेकून तिसऱ्यांदा कसा उभा राहिला आणि छापल्यावर परत कुठं फसला ते.

पहिल्या ड्राफ्टमध्ये काय होतं

सगळं होतं, हाच प्रॉब्लेम होता. पन्हाळ्यावर पावसाळी धुकं, काळा झगा घातलेला परदेशी सरदार, तिथल्या जुन्या धान्यकोठारातनं, अंबरखान्यातनं, उडणारी रक्तपिपासू वटवाघळं, आणि तो सरदार हितं कसा आला याची सात पानं हिस्टरी. २४ पानांच्या अंकात सात पानं! लेखकाचं म्हणणं, पहिल्या अंकात सगळं समजावून नाही सांगितलं तर दुसरा घेणार कोण. माझं म्हणणं नेमकं उलटं होतं, पण तेव्हा मला ते नीट मांडता आलं नाही, नुसतंच "बोअर होतंय" म्हणलो आणि भांडण झालं.

मग एक दिवस बसून आम्ही व्हॅम्पायरचे सगळे नियम कागदावर काढले आणि प्रत्येक नियम मूळचा कुठला ते बघितलं. मजा अशी की आपण ज्याला पुरातन समजतो त्यातलं बरंच अलीकडचं निघतं. उन्हात जळून मरणं ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत नाहीच, तिथला काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, फक्त दिवसा त्याची ताकद कमी असते. उन्हानं मरायचं प्रकरण १९२२ च्या जर्मन मूकपटातनं आलं. झग्याची ती उंच कॉलर तर नाटकवाल्यांची सोय, नट पाठमोरा उभा राहिला की डोकं लपावं आणि त्याला स्टेजवरनं गुपचूप गायब होता यावं म्हणून. आणि वटवाघळं? रक्त पिणारी वटवाघळं फक्त अमेरिकेच्या बाजूला, मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत. आपल्याकडं मोठ्या कानाचं एक वटवाघूळ आहे ज्याच्या इंग्रजी नावात व्हॅम्पायर आहे, पण ते बिचारं किडे, बेडूक, उंदीर खाऊन जगतं. म्हणजे आमच्या चित्रकारानं चार रात्री जागून काढलेला अंबरखान्याचा डबल स्प्रेड, दोन पानांवर पसरलेलं चित्र, कचऱ्यात. त्याचा चेहरा अजून आठवतो.

चाळता चाळता दोन नियम हातात राहिले. एक, व्हॅम्पायरला घरातल्या माणसानं बोलवल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. दोन, मूळ कादंबरी सुरूच होते ती प्रॉपर्टीच्या व्यवहारानं, काउंटला इंग्लंडमध्ये घर घ्यायचंय म्हणून वकिलाचा माणूस त्याच्याकडं कागद घेऊन जातो. म्हणजे सगळ्या रक्तपाताच्या बुडाशी खरेदीखत! पण हे दोन्ही नियम तेव्हा नुसते कागदावर होते, त्यांचं काय करायचं ते कळंना. कारण पहिला नियम कोल्हापुरात टिकतच नाही. हितं दारात मीटर बघायला आलेल्या माणसालापण "आत या की, च्या घ्या" म्हणतात. बोलावल्याशिवाय येता येत नाही हे बंधन ज्या गावात कुणी बोलवायचं थांबतच नाही तिथं बंधन कसलं.

येतो, या

तोडगा चित्रकाराच्या आईनं काढला, आणि त्यांना ते माहीतपण नव्हतं. मंगळवार पेठेत त्यांच्या घरी आमची बैठक असायची. रात्री उठलो, चपला घालता घालता सवयीनं म्हणलो, "येतो काकू." काकू तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "या." लेखक एका पायात चपला घालून तसाच उभा राहिला.

आपल्यात जाणारा माणूस "जातो" म्हणत नाही, अशुभ वाटतं, तो "येतो" म्हणतो. आणि घरातलं माणूस "या" म्हणतं. रोज, न बघता, न विचार करता. आता हेच व्हॅम्पायरच्या कानानं ऐका. "आत या" हे बोलावणं त्या वेळेपुरतं असतं, चहा झाला की संपलं. पण निघणाऱ्याला म्हणलेल्या "या" ला तारीखच नसते. ते मुदत नसलेलं आमंत्रण आहे, आणि आपण ते दुधवाल्यापासून एजंटापर्यंत सगळ्यांना देऊन बसलोय.

त्या रात्री आम्ही घरी गेलोच नाही, रंकाळ्यावर कठड्याला टेकून पहाटेपर्यंत गोष्ट रचत बसलो. नियम असा ठरला: व्हॅम्पायर आता बाई, आणि ती "आत या" म्हणलेलं घेतच नाही, "नको, परत कधीतरी" म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबते. तिला पाहिजे ते जाताना मिळणारं "या". तीनदा मिळालं की घर तिचं. रात्री कुणी नावानं हाक मारली तर तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही असं लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतंय, ते तीन तिथनं आले. आणि दुसरा नियम, प्रॉपर्टीचा, तो पुढं तिसऱ्या ड्राफ्टला आपोआप बसला. व्हॅम्पायर म्हणजे घरमालकीण. पेठेतला जुना वाडा, दिंडी दरवाजा, सोपा, मागं परडं, वर माडी भाड्यानं. कागद भाडेकराराचा, अकरा महिन्यांचा, आणि म्हणूनच मालिका अकरा अंकांची, दर अंक एक महिना. स्वतःच्या मालकीच्या घरात भाडेकरूनं "या" म्हणल्याशिवाय जाता येत नाही अशी मालकीण. सात पानांची हिस्टरी तर लेखकानं "या" चा नियम सुचला तेव्हाच स्वतः फाडली, मला काही बोलावं लागलं नाही.

चावण्याचा नियमपण गावाकडनंच घेतला. राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात जंगलात गेलेल्या माणसाला माहीत असतंय, जळू लागलेली कळत नाही, घरी येऊन मोजा काढला की रक्तानं भिजलेला दिसतो आणि मग ते रक्त लवकर थांबतच नाही. जळूच्या लाळेत हिरुडिन असतं, ते रक्त गोठू देत नाही. (रक्त पिणाऱ्या वटवाघळाच्या लाळेतल्या तसल्याच पदार्थाला शास्त्रज्ञांनी चक्क ड्रॅक्युलिन नाव दिलंय, ते वाचून आम्ही दहा मिनिटं हसत होतो.) सुळे-बिळे गेले. भाडेकरू बाईला कळतच नाही काही झालंय ते, फक्त घरातलं कुठलंतरी फडकं रोज थोडं ओलं सापडतं.

मालकीण सुचायच्या आधी मधे एक अडचण आली आणि ती आमच्या तिघांच्या लक्षात आली नव्हती, चित्रकाराच्या बहिणीच्या आली. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मालकीण नव्हती, पुरात घर गेलेली एक एकटी गरीब म्हातारी होती, सगळ्यांच्या दारात बसायला येणारी. बहीण वाचून म्हणाली, "एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवायची हौस अजून फिटली नाही व्हय तुमची?" गप्प बसलो. अशा बायकांना खऱ्या आयुष्यात काय काय सोसावं लागलंय ते माहीत असून आम्ही तेच काढत होतो. हे ज्या गावात बसून लिहितोय ते गोविंद पानसऱ्यांचं गाव आहे, २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर हितंच गोळ्या झाडल्या, आणि दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा झाला. भुताची गोष्ट सांगायला कायदा अडवत नाही, आणि अडवूही नये, पण गोष्टीत मांत्रिक जिंकायचा नाही, कुठल्या खऱ्या देवळाचा अंगारा लावून सुटका व्हायची नाही, आणि राक्षस हा दुबळा असायचा नाही, एवढं आम्ही तेव्हाच कागदावर लिहून सह्या केल्या. म्हातारी श्रीमंत झाली, गळ्यात सोन्याचा चपलाहार आला, हातात पावतीपुस्तक आलं. मला विचाराल तर या एका बदलानं अंक वाचला. रक्त पिणारा माणूस भाडं गोळा करायला येतो यात भीती पण आहे आणि खरेपण पण.

पानं, फुगे आणि शेपट्या

आता जरा धंद्याचं. मधे पिन मारलेल्या पुस्तकात पानं चारच्या पटीत लागतात, आणि १६ पानांचा एक फर्मा धरला तर २४ पानं म्हणजे दीड फर्मा, कव्हर वेगळं. पान १ उजवीकडं येतं, म्हणून विषम सगळी उजवीकडं आणि सम डावीकडं. याचा अर्थ दचकवायचं असेल तर ते डाव्या पानावरच पाहिजे, कारण पान उलटल्याशिवाय ते दिसत नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये आमचा मोठा धक्का पान ११ वर होता, म्हणजे १० वाचायला पुस्तक उघडलं की शेजारी राक्षस आ वासून बसलेला. वाचक १० वाचतच नव्हता! तिसऱ्या ड्राफ्टला धक्का पान २२ वर नेला, आणि २१ च्या शेवटच्या चौकटीत नुसती दाराची कडी, भाडेकरू बाईचा हात आणि दोन फुगे. "येतो हं." "या."

त्यातल्या पहिल्या फुग्याला शेपटी नाही. म्हणजे बोलणारा चौकटीबाहेर आहे, कोण ते दिसत नाही. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सेकंड शिफ्टला, बाई घरी एकटी, आणि संध्याकाळी दाराबाहेर तीन जण येऊन जातात: घर दाखवणारा एजंट, दुधवाला, मालकीण. अंधारातनं आवाज येतो "येतो". वाचणाऱ्याला वाटतं एजंट, कारण "येतो" म्हणजे पुरुष. पण कोल्हापुरात बायकापण "मी येतो", "मी गेलतो" असंच बोलतात, हितं जन्मलेल्याला त्यात काही खटकत नाही. म्हणजे अख्खा ट्विस्ट एका क्रियापदावर उभा, आणि ते लपवायला आम्हाला काही करावंच लागलं नाही, भाषेनंच लपवून ठेवलेलं. असली चोरी परत सापडणार नाही.

फुग्यांचं बाकी दुखणं मात्र नेहमीचंच. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं, एका उंचीची, ओळी चिकटवून बसतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळं दोन ओळींत जागा सोडावीच लागते आणि फुगा फुगत फुगत चित्रकाराच्या सगळ्यात भारी चौकटीवर जाऊन बसतो. लेखकाला मी एक नियम घातला, फुग्यात पंधरा शब्दांच्या वर दिसला की मी विचारणार नाही, कापणार. पहिल्या आठवड्यात तो बोलत नव्हता माझ्याशी. त्यात त्यानं अर्धी स्क्रिप्ट जुन्या फॉन्टात टाइप केलेली, युनिकोडला कन्व्हर्ट केल्यावर सगळे "ऱ्या" गेले, "दुसऱ्या" चं "दुसर्या", "पायऱ्या" चं "पायर्या". दोन रात्री नुसत्या त्यातच गेल्या. प्रेसला फाइल देताना सगळी अक्षरं आऊटलाइन करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, पीडीएफ दिली, कारण समोरच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की काय होतं ते एकदा लग्नपत्रिकेत भोगलंय मी.

काळा आणि लाल

हॉरर म्हणजे काळा रंग, आणि प्रेसवर सगळ्यात अवघड काळाच. चित्रकार टॅब्लेटवर आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, काम करतो, स्क्रीनवर काळा म्हणजे विहीर. छापताना नुसता काळ्या शाईचा शंभर टक्के दिला तर मॅपलिथो कागदावर तो करडा, धुतल्यासारखा दिसतो. मग त्यानं चारही शाया शंभर-शंभर टक्के टाकल्या, म्हणजे एकूण चारशे. कागद तेवढी शाई पीतच नाही, वाळत नाही, वरच्या शीटच्या पाठीवर उमटते, आणि हे आम्ही जुलैच्या पावसात करायला निघालेलो. प्रेसवाल्या काकांनी टेस्ट शीट बोटानं पुसून दाखवली, बोट काळं. "हे भूत हाय, वाळत न्हाई," म्हणाले.

शेवटी चार रंग सोडून दोनच घेतले, काळा आणि लाल. जिथं गडद पाहिजे तिथं काळ्याखाली लालचा थोडा थर, त्यानं काळा उबदार आणि जड दिसतो. काळ्यावरची पांढरी अक्षरं मात्र फक्त काळ्यातनं कोरली, लाल खाली ठेवला नाही, नाहीतर रजिस्ट्रेशन, म्हणजे दोन रंगांचं एकमेकांवर बसणं, केसभर हललं तरी अक्षराला लाल कड दिसते. आणि दोन रंगांत लाज वाटायचं कारण नव्हतं. अमेरिकेत १९५४ च्या कॉमिक्स कोडनं, म्हणजे कॉमिक प्रकाशकांच्या नियमावलीनं, व्हॅम्पायरवर बंदीच घातली होती, ती १९७१ ला सैल झाली, आणि मधल्या काळात भयकथा जगवल्या त्या मॅगझिन साइजच्या ब्लॅक अँड व्हाइट अंकांनी, कारण ते कोडच्या कक्षेत येत नव्हते.

मग लाल कुठं वापरायचा यावरनं खरं भांडण. चित्रकाराला पान ८ वरचा तांबडा रस्सा लाल पाहिजे होता, पान १२ वरचं फाउंड्रीतलं वितळलेलं लोखंड लाल पाहिजे होतं, कुंकू लाल पाहिजे होतं. तो म्हणाला मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात लाल रंगाला घाबरायचं? त्यांच्या १९२० च्या 'सैरंध्री'त कीचकवध इतका खरा दिसला की सेन्सॉरनं तो कापायला लावला, आणि तू मला रश्शातला लाल देत नाहीस. मुद्दा भारी होता पण मी हललो नाही. २१ पानं लाल दिसायचाच नाही, नुसता काळ्याखाली लपून राहायचा. मग पान २२, पूर्ण पानभर एकच चित्र, भाड्याची पावती. पाच हजारांच्या वर भाडं म्हणून पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, आणि त्या स्टॅम्पच्या जागी लाल अंगठा. भाडेकरू बाईचा स्वतःचा. ती झोपलीय. मालकीण सोप्यावर बसून पावती फुंकून वाळवतेय. काढून झाल्यावर चित्रकारानं मला रात्री दीडला फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं, म्हणजे पटलं.

छापल्यावर

कॉलेजांच्या बाहेर, ओळखीच्या दोन पुस्तकांच्या दुकानांत आणि कुरिअरनं बाहेरगावी, अशा प्रती गेल्या. आणि तिथं आमचा ट्विस्ट असा फुटला की आम्ही तिघंही तोंडात बोट घालून बघत बसलो. पुण्या-मुंबईचे वाचक पान २२ ला बरोबर दचकले. त्यातल्या एकानं वर मेसेज केला की अंक छान पण पान ६ वर व्याकरणाची चूक आहे, मालकीण "मी जातो आता" म्हणते तिथं "जाते" पाहिजे, पुढच्या अंकात प्रूफ नीट बघा. म्हणजे आम्ही गुन्हेगाराला उजेडात उभं करून तिच्या तोंडून पुरावा दिला आणि त्यानं तो प्रूफची चूक म्हणून माफ केला! याच्यापेक्षा चांगलं लपवणं मला सुचलं नसतं. (ते "जातो" पण मुद्दाम होतं. ती "जातो" म्हणते तोवर धोका नाही, "येतो" म्हणली की आहे. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, पुण्यात नाही आणि हितंही नाही.)

कोल्हापूरची पोरं मात्र पान १४ लाच ओळखून मोकळी. त्यांच्या कानाला "येतो" तनं बाई की बाप्या काहीच कळत नाही, त्यामुळं एजंटावर त्यांचा संशय गेलाच नाही, आणि १४ वर अंधारातला आवाज "मी मघाशी आलतो, तू झोपलतीस बाई" म्हणतो तिथं "बाई" म्हणायची ती मालकिणीची ढब त्यांनी पकडली. ज्या वाचकासाठी अंक काढला त्यालाच फसवता आलं नाही. लेखक आठवडाभर नाराज. मला तेवढं वाईट वाटलं नाही, कारण त्याच पोरांपैकी एक म्हणाला की १४ पासनं कळलं होतं म्हणूनच २१ वर तो मोठ्यानं "म्हणू नको, म्हणू नको" म्हणत होता. तरीपण ते "बाई" माझ्या हातनं गेलं, फुग्यात एक शब्द कमी पडत होता म्हणून मीच वाढवला होता, हे कबूल.

लसणाचं काय झालं विचाराल तर तो अंकात आहे. पान ९ वर मालकीण उंबऱ्याबाहेर बसून भाडेकरू बाईला लसूण सोलू लागते.

आता दुसरा अंक पान ५ वर अडकलाय. गोष्टीत भाडेकरू बाईला संशय आलाय आणि तिला "या" म्हणायचं टाळायचंय, पण मग म्हणणार काय? "जा" म्हणता येत नाही. "बरं" म्हणलं तरी होकारच. "सावकाश" म्हणलं तर लेखक म्हणतो ते पण सावकाश "या" असंच आहे. गप्प बसली तर मालकीण उंबऱ्यावर उत्तराची वाट बघत उभी राहते, ती चौकट चित्रकारानं काढलीय आणि ती भयानक झालीय, पण त्याच्यापुढं काय ते कुणालाच सुचेना. काकूंना विचारलं, दारातनं निघालेल्या माणसाला "या" नाही म्हणायचं तर काय म्हणाल. त्यांनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं, आमच्या तिघांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "असलं काय शिकवू नका लोकास्नी." मग उठून चहा टाकला.